झडपेचा रिपोर्ट हातात आल्यावर

एका घरात आईच्या टूडी इकोचा रिपोर्ट आला आहे. निष्कर्षात ‘माइल्ड एमआर, ट्रिव्हियल टीआर’ असे शब्द आहेत. डॉक्टरांची भेट उद्याची, म्हणून मुलगा मोबाइलवर अर्थ शोधत बसतो आणि रात्रीपर्यंत सगळे घर हवालदिल होते. दुसऱ्या घरात वडिलांना जिना चढताना दम लागतो. ‘आता वय झालं’ म्हणून कोणी मनावर घेत नाही. कपाटातल्या फाइलमध्ये दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट आहे आणि त्यावर ‘सिव्हिअर एएस’ लिहिलेले आहे. पहिल्या घराला घाबरण्याचे काही कारण नाही. दुसऱ्या घराने मात्र आता एक आठवडाही वाया घालवू नये.

हा फरक रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना ओळखता यावा, यासाठी हा लेख आहे. झडपेच्या आजारात एका चित्रावरून निकाल लागत नाही. आजचे चित्र, आधीची चित्रे आणि रुग्णाला होणारा त्रास ही तिन्ही शेजारी ठेवली की काय करायचे ते कळते. तपासणी डॉक्टर करतात, अर्थही तेच लावतात. पण जुने कागद सांभाळणे, त्रास नेमका सांगणे आणि योग्य प्रश्न विचारणे हे काम रुग्णाचेच आहे.

झडपा चार, बिघाड दोन

हृदयाच्या डाव्या बाजूला मायट्रल आणि एओर्टिक, उजव्या बाजूला ट्रायकस्पिड आणि पल्मनरी अशा चार झडपा असतात. रक्त पुढे जाऊ द्यायचे आणि मागे फिरू द्यायचे नाही, हे त्यांचे काम. झडपा ते दिवसातून सुमारे एक लाख वेळा करतात. बिघाडही दोनच प्रकारचे. झडप पुरती उघडत नसेल तर ती अरुंद झाली, म्हणजे स्टेनोसिस. पुरती मिटत नसेल तर ती गळते, म्हणजे रिगर्जिटेशन. बोलताना आपण ‘व्हॉल्व्ह लीक आहे’ म्हणतो. रिपोर्टमधली दोन अक्षरे यावरूनच आलेली आहेत. पहिले अक्षर झडपेचे, दुसरे बिघाडाचे. एमएस म्हणजे अरुंद मायट्रल, एमआर म्हणजे गळकी मायट्रल, एएस म्हणजे अरुंद एओर्टिक, एआर म्हणजे गळकी एओर्टिक, टीआर म्हणजे गळकी ट्रायकस्पिड. एकाच झडपेत दोन्ही बिघाड असू शकतात.

या अक्षरांच्या आधी प्रमाण लिहिलेले असते: ट्रिव्हियल किंवा ट्रेस, माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर. ट्रिव्हियल गळती धडधाकट माणसांतही सर्रास दिसते, विशेषतः ट्रायकस्पिड झडपेची. आजची यंत्रे इतकी संवेदनशील आहेत की रक्ताची बारीकशी उलटी धारही रंगात उमटते. झडपेची रचना चांगली असेल आणि कप्पे नेहमीच्या आकाराचे असतील, तर अशा नोंदीला आजार म्हणत नाहीत. उलट त्या किंचित टीआरचा उपयोगच होतो, कारण त्या धारेच्या वेगावरून फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतला दाब काढता येतो. रिपोर्टमधला ‘पीएएसपी’ हा आकडा तिथूनच येतो.

इको काय सांगतो

झडपेच्या आजारात पहिली आणि सर्वांत महत्त्वाची तपासणी इकोचीच. तिचा उगमही झडपेच्याच प्रश्नातून झाला. स्वीडनमधल्या लुंड इथले डॉक्टर इंगे एडलर यांना मायट्रलच्या शस्त्रक्रियेआधी एक गोष्ट कळायला हवी होती: रुग्णाची झडप मुख्यतः अरुंद आहे की गळकी? त्यावरच शस्त्रक्रियेचा निर्णय अवलंबून होता. भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुथ हर्ट्झ यांच्या मदतीने त्यांनी धातूतले दोष शोधण्याचे ध्वनिलहरींचे यंत्र माणसाच्या छातीवर लावून पाहिले. १९५३ च्या ऑक्टोबरमध्ये हलत्या हृदयाची पहिली नोंद मिळाली. यंत्रे आता ओळखू येणार नाहीत इतकी बदलली आहेत, पण प्रश्न तोच आहे.

या तपासणीला उपाशी राहावे लागत नाही, सुई टोचत नाहीत आणि किरणोत्सर्गही नसतो. त्यामुळे गर्भवतीलाही ती निर्धास्तपणे करता येते. छाती उघडी करावी लागते, म्हणून समोरून उघडणारा सदरा किंवा कुर्ता घालून जावे. बाईने सोबत स्त्री-कर्मचारी मागावी. तो तिचा हक्क आहे. डाव्या कुशीवर झोपवून, डावा हात डोक्याखाली ठेवायला सांगून, छातीवर जेली लावतात आणि प्रोब वेगवेगळ्या जागी फिरवतात. झडपेची नीट मोजदाद करायची तर अर्धा-पाऊण तास लागू शकतो. शिबिरात दोन-तीन मिनिटांत होणारा इको हा संशय घेण्यापुरता असतो. त्यात काही आढळले तर सविस्तर इको करून घ्यावाच. काही आढळले नाही पण त्रास होत असेल, तरीही करून घ्यावा.

इकोमध्ये तीन गोष्टी पाहतात. पहिली म्हणजे रचना: पाकळ्या किती, जाड झाल्या आहेत का, कडा चिकटल्या आहेत का, चुना (कॅल्शियम) साचला आहे का. दुसरी म्हणजे रक्ताचा वेग, जो डॉप्लरने मोजतात. तिसरी म्हणजे झडपेच्या बिघाडाचा हृदयावर झालेला परिणाम: कप्पे किती मोठे झाले, स्नायू किती जाड झाला, पंपिंग कसे आहे.

वेगाचे गणित सोपे आहे. बागेच्या नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला की पाण्याची धार जोरात उडते. अरुंद झडपेतून रक्तही तसेच जोरात उसळते. या वेगाचा वर्ग करून त्याला चारने गुणले की झडपेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक मिळतो. वेग सेकंदाला ४ मीटर असेल तर ४ गुणिले ४ गुणिले ४, म्हणजे ६४ मिलिमीटर पारा. यालाच ग्रेडियंट म्हणतात. रिपोर्टमध्ये ‘पीक’ आणि ‘मीन’ असे दोन ग्रेडियंट असतात. पीक ६४ आणि मीन ४० हे एकाच रुग्णाचे, एकाच वेळचे आकडे असू शकतात. मागच्या रिपोर्टचा मीन आणि आताचा पीक शेजारी ठेवून ‘आजार वाढला’ असा निष्कर्ष काढू नये. मीनची तुलना मीनशी आणि पीकची पीकशीच करावी.

एओर्टिक झडपेचे तीन आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. वेग सेकंदाला ४ मीटर किंवा जास्त, मीन ग्रेडियंट ४० किंवा जास्त, उघडण्याचे क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटर किंवा कमी, म्हणजे आकुंचन सिव्हिअर. निरोगी एओर्टिक झडप ३ ते ४ चौरस सेंटिमीटर उघडते.

आकडा कुठे घसरतो

हे तीन आकडे प्रत्येक वेळी एकमेकांशी जुळतात असे नाही. ते का जुळत नाहीत, हे एका उदाहरणातून पाहू. क्षेत्रफळ काढण्यासाठी झडपेच्या अगदी अलीकडच्या, रक्त बाहेर पडण्याच्या वाटेचा व्यास पडद्यावर मोजावा लागतो आणि सूत्रात त्याचा वर्ग होतो. समजा, झडपेच्या अलीकडे रक्ताचा वेग झडपेतल्या वेगाच्या ३४ टक्के आहे. व्यास २० मिलिमीटर मोजला तर क्षेत्रफळ १.०७ चौरस सेंटिमीटर येते, म्हणजे मॉडरेट. तोच व्यास १८ मिलिमीटर मोजला गेला तर क्षेत्रफळ ०.८७, म्हणजे सिव्हिअर. माणूस तोच, झडप तीच; फक्त २ मिलिमीटरच्या फरकाने शब्द बदलला. म्हणून दोन ठिकाणच्या रिपोर्टमध्ये क्षेत्रफळ थोडे वेगळे दिसले तर लगेच बिथरू नये. वेग आणि ग्रेडियंट काय म्हणतात, तेही पाहावे.

वेगाची चूक बहुतेक वेळा कमीच्या बाजूने होते. डॉप्लरची रेषा रक्ताच्या धारेला समांतर आली नाही तर वेग खरा असतो त्याहून कमी मोजला जातो. म्हणून चांगला तपासनीस एओर्टिक झडप अरुंद दिसली की एकाच जागेवर थांबत नाही. तो छातीच्या उजव्या कडेवरून आणि गळ्याच्या खळगीतूनही मोजून पाहतो. तुम्हाला उजव्या कुशीवर वळायला सांगितले किंवा गळ्यावर प्रोब दाबला, तर काम नीट चालले आहे असे समजावे.

तपासणीच्या वेळचा रक्तदाब आणि नाडीही महत्त्वाची. दाब वाढलेला असताना मायट्रलची गळती जास्त दिसते. नाडी जलद असली की अरुंद मायट्रलचा ग्रेडियंट वाढतो. त्यामुळे इकोच्या दिवशी नेहमीच्या गोळ्या चुकवू नयेत. डॉक्टरांनी सांगितले असेल तरच थांबवाव्यात. जिना चढून, धापा टाकत टेबलावर जाऊन झोपू नये. दहा मिनिटे शांत बसावे. रिपोर्टवर रक्तदाब आणि नाडी लिहिलेली नसेल तर लिहून मागावी. पुढच्या खेपेला तुलना करताना ती नोंद उपयोगी पडते.

आपल्याकडची जुनी दुखणी: रुमॅटिक मायट्रल

भारतात तरुण वयात झडप खराब होण्यामागे रुमॅटिक तापाचा मोठा वाटा आहे. लहानपणी स्ट्रेप्टोकॉकस जंतूमुळे घसा दुखतो, काही आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात आणि एक सांधा बरा होतो न होतो तोच दुसरा दुखू लागतो. सांधे पुढे पूर्ण बरे होतात, पण झडपेला झालेली इजा राहून जाते. मग वीस-तीस वर्षांच्या बाईला पाणी भरताना, चढ चढताना दम लागू लागतो. कित्येकदा हा आजार पहिल्यांदा उघडकीला येतो तो गरोदरपणात. त्या काळात शरीरातले रक्ताचे प्रमाण जवळपास दीडपट होते आणि नाडीही वाढते, त्यामुळे अरुंद झडपेमागे फुप्फुसांत रक्त तुंबते. लहानपणी सांधेदुखीच्या तापाचा इतिहास असेल, किंवा कोणा डॉक्टरने कधी ‘मर्मर आहे’, म्हणजे हृदयात जादा आवाज येतो, असे म्हटले असेल, तर लग्न झाल्यावर गर्भधारणेचा विचार करण्याआधीच इको करून घ्यावा. यात लपवण्यासारखे काही नाही. लपवल्याने मात्र जिवावर बेतू शकते.

रुमॅटिक मायट्रल इकोमध्ये ओळखू येते. पाकळ्यांच्या कडा जाड झालेल्या असतात, दोन्ही कोपरे चिकटलेले असतात आणि पुढची पाकळी उघडताना मधे फुगून टोकाशी अडते. डॉक्टर तिला ‘हॉकी स्टिक’ म्हणतात. निरोगी मायट्रल ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडते. ती १.५ किंवा त्याहून कमी उघडत असेल तर आकुंचन सिव्हिअर, १ किंवा कमी असेल तर अतितीव्र. हे क्षेत्रफळ दोन प्रकारे काढतात. एकात पडद्यावर झडपेच्या तोंडाची कड रेखून मोजतात. दुसऱ्यात दाब निम्म्यावर यायला लागणाऱ्या वेळेवरून हिशेब करतात. २२० ला त्या मिलिसेकंदांनी भागायचे. दोन्ही उत्तरे जवळपास आली तर आकड्यावर भरवसा ठेवता येतो.

उपचाराची दिशाही इकोच ठरवतो. पाकळ्यांची लवचिकता, जाडी, चुना आणि पाकळ्यांना धरून ठेवणाऱ्या खालच्या दोऱ्यांची अवस्था यांना प्रत्येकी १ ते ४ गुण देतात. बेरीज ८ किंवा कमी आली तर फुग्याने झडप उघडण्याची प्रक्रिया, म्हणजे बीएमव्ही, बहुधा चांगली जमते. जपानच्या कांजी इनोउए यांनी १९८० च्या दशकात रूढ केलेल्या फुग्याने असंख्य भारतीय रुग्णांची छाती उघडण्याची शस्त्रक्रिया टळली किंवा बरीच वर्षे पुढे गेली. मात्र डाव्या वरच्या कप्प्यात गुठळी असेल, किंवा झडप आधीच बऱ्यापैकी गळत असेल, तर फुगा चालत नाही.

ज्या मुलाला रुमॅटिक तापाचे निदान झाले आहे, त्याचे दर तीन आठवड्यांचे पेनिसिलिनचे इंजेक्शन चुकवू नये. इको चांगला आला म्हणून ते परस्पर बंद करू नये. किती वर्षे घ्यायचे ते डॉक्टर ठरवतात. झडपेला इजा राहिली असेल तर किमान दहा वर्षे किंवा चाळिशीपर्यंत, यांपैकी जे जास्त असेल तितके, असा साधारण दंडक आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि सरकारी शाळांत मुलांची तपासणी करतात आणि त्यांच्या यादीत रुमॅटिक हृदयरोगही आहे. शाळेतून चिठ्ठी आली तर ती दप्तरात राहू देऊ नका.

साठीनंतरची एओर्टिक झडप

वयानुसार एओर्टिक झडपेवर चुना साचतो, पाकळ्या कडक होतात आणि तोंड अरुंद होत जाते. काहींच्या झडपेला जन्मतः तीनऐवजी दोनच पाकळ्या असतात. शंभरात एखाद-दोघांत आढळणारी ही रचना लवकर, चाळिशी-पन्नाशीतही, कडक होऊ शकते. तिच्यासोबत महाधमनीही फुगलेली असू शकते, म्हणून रिपोर्टमध्ये तिचा व्यास लिहिलेला आहे ना, ते पाहावे. अशा व्यक्तीच्या आईवडिलांनी, भावंडांनी आणि मुलांनीही एकदा इको करून घेणे शहाणपणाचे.

एओर्टिक आकुंचनात शरीर बराच काळ सोसते. एकदा छातीत दुखणे, चालताना चक्कर येणे किंवा दम लागणे सुरू झाले की मात्र परिस्थिती झपाट्याने पालटते. उपचार न केल्यास त्यानंतरचे आयुष्य बहुधा दोन ते पाच वर्षांचेच उरते, हे १९६८ पासून वैद्यकाला माहीत आहे. झडप कोणत्याही गोळीने उघडत नाही. रिपोर्टवर ‘सिव्हिअर एएस’ आहे आणि यांपैकी एकही त्रास आहे, तर झडप बदलण्याचा निर्णय पुढे ढकलू नका.

कधी कधी झडप खूप अरुंद असूनही ग्रेडियंट कमी येतो, कारण हृदयच इतके थकलेले असते की रक्त जोराने ढकलता येत नाही. अशा वेळी दोन मार्ग असतात. एकात डोब्युटामिन नावाचे औषध थेंबाथेंबाने देऊन हृदयाचा जोर वाढवतात आणि त्याच वेळी इको करतात. दुसऱ्यात साधा, डाय न देता केलेला सीटी स्कॅन करून झडपेवरचा चुना मोजतात. हा गुणांक पुरुषांत २००० आणि स्त्रियांत १२०० च्या वर असेल तर आकुंचन सिव्हिअर असण्याची दाट शक्यता असते. ‘ग्रेडियंट कमी आहे, काळजी नको’ असे कोणी म्हणाले आणि ईएफ, म्हणजे पंपिंगचा टक्केवारीतला आकडाही कमी असेल, तर या तपासणीबद्दल जरूर विचारा.

आता मांडीतल्या धमनीतून नळी घालून, छाती न उघडताही एओर्टिक झडप बसवता येते. या प्रक्रियेला टावी म्हणतात. फ्रान्समधल्या रूआं इथे अलँ क्रिबिए यांनी ती माणसात पहिल्यांदा केली, २००२ मध्ये. टावीआधी डाय देऊन केलेला सीटी स्कॅन अत्यावश्यक असतो. झडपेच्या कड्याचा घेर, हृदयाच्या धमन्यांच्या तोंडाची उंची आणि मांडीपासून वरपर्यंतच्या धमनीची रुंदी त्यातूनच कळते. झडपेचा आकार या मापावर ठरतो, त्यामुळे ‘इको झाला आहे, सीटी कशाला?’ असे म्हणू नये.

गळतीत ईएफ फसवतो

रिपोर्टमध्ये सगळे जण आधी ईएफ शोधतात आणि ६० टक्के दिसला की सुटकेचा निःश्वास टाकतात. एरवी ते बरोबर आहे. पण मायट्रल झडप खूप गळत असेल तर हा आकडा फसवतो. दर ठोक्याला बरेच रक्त मागच्या, कमी दाबाच्या कप्प्यात सहज निसटते. हृदयाला ते ढकलायला जोर लागत नाही, म्हणून पंपिंग उत्तम दिसते. म्हणून सिव्हिअर एमआरमध्ये ईएफ ६० किंवा खाली आला, किंवा आकुंचन पावल्यानंतरही डाव्या खालच्या कप्प्याचा व्यास ४० मिलिमीटर किंवा जास्त राहिला, तर त्रास नसतानाही शस्त्रक्रियेचा विचार करतात. इथे उशीर केला तर झडप दुरुस्त होते, पण थकलेला स्नायू पुरता सावरत नाही. मायट्रल झडप शक्य असेल तिथे बदलण्यापेक्षा दुरुस्त करणे चांगले, आणि दुरुस्ती होईल का हेही इकोच सांगतो. प्रोलॅप्स असलेली (पाकळी मागे झुकणारी), एखादीच दोरी तुटलेली झडप बहुधा दुरुस्त होते. रुमॅटिक, चुना साचलेली झडप दुरुस्त करणे अवघड.

गळती किती आहे, हे नुसत्या रंगीत धारेवरून ठरवू नये. धारेचा सर्वांत अरुंद भाग ७ मिलिमीटर किंवा जास्त, दर ठोक्याला मागे जाणारे रक्त ६० मिलिलिटर किंवा जास्त, असे मोजलेले आकडे मायट्रलच्या सिव्हिअर गळतीला आधार देतात. रिपोर्टमध्ये ‘सिव्हिअर एमआर’ लिहिले आहे पण एकही माप नाही, असे असेल तर अनुभवी व्यक्तीकडून पुन्हा सविस्तर इको करून घेण्यात गैर काही नाही.

अन्ननलिकेतून इको आणि एमआरआय

अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागे असते. तोंडावाटे बारीक प्रोब आत नेला की मायट्रल झडप आणि डावा वरचा कप्पा स्पष्ट दिसतात. बीएमव्हीआधी गुठळी पाहायला, बसवलेली झडप बिघडल्याची शंका असल्यास किंवा झडपेवर जंतूंचा संसर्ग शोधायला ही तपासणी, म्हणजे टीईई, करतात. त्याआधी सहा तास काही खाऊ नये. कवळी काढून ठेवावी. हलणारा दात, गिळताना होणारा त्रास, यकृताचा आजार, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या यांची माहिती आधीच द्यावी. घसा बधिर करतात, म्हणून बधिरपणा उतरेपर्यंत पाणीही पिऊ नये. झोपेचे औषध दिले असेल तर त्या दिवशी गाडी चालवू नये. सोबत कोणीतरी असावेच.

डायचा सीटी करायचा असेल तर मूत्रपिंडाचे काम दाखवणारा क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट न्यावा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, पूर्वी डायने अंगावर गांधी उठल्या असतील, दम्याचा त्रास असेल तर आधी सांगावे. एमआरआय गळतीचे प्रमाण आणि कप्प्यांचे आकारमान फार अचूक सांगतो. इकोचे आकडे जुळत नसतील किंवा छातीतून चित्र नीट येत नसेल तर तो उपयोगी. बसवलेल्या बहुतेक झडपांसह एमआरआय करता येतो, पण झडपेचे कार्ड आणि पेसमेकर असल्यास त्याचे कार्ड दाखवल्याशिवाय आत जाऊ नये. यंत्र अरुंद असते आणि मोठा आवाज करते; बंद जागेची भीती वाटत असेल तर आधीच बोलावे.

झडप बदलल्यानंतर

झडप बसवली म्हणजे इको संपले असे नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दोन-तीन महिन्यांत एक सविस्तर इको करून तो जन्मभर जपावा. नव्या झडपेचा ग्रेडियंट किती हे त्यात नोंदलेले असते आणि पुढे काही बिघडले तर डॉक्टर त्याच्याशीच तुलना करतात. झडपेचे नाव, प्रकार आणि आकार लिहिलेले कार्ड पाकिटात ठेवावे. आपल्याकडे अनेकांना तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत विकसित झालेली यांत्रिक झडप बसवलेली असते. ती माणसात पहिल्यांदा १९९० मध्ये बसवली गेली.

यांत्रिक झडप असलेल्याने रक्त पातळ करणारी गोळी चुकवू नये आणि रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आयएनआर ठरल्याप्रमाणे तपासत राहावे. झडपेचा रोजचा टकटक आवाज अचानक मंदावला, किंवा एकाएकी दम लागू लागला, तर गुठळीने झडप अडकलेली असू शकते. ही तातडीची बाब आहे. त्याच दिवशी इको व्हायला हवा. गरज पडल्यास क्ष-किरणांच्या हलत्या चित्रात झडपेची तबकडी हलते आहे का, तेही पाहतात.

झडप खराब असलेल्या किंवा बदललेल्या माणसाला चार-पाच दिवस ताप राहिला तर परस्पर अँटिबायोटिक घेऊ नये. आधी रक्ताचे कल्चर पाठवावे, मग औषध. आधीच गोळी घेतली तर जंतू सापडत नाही आणि निदान हुकते. दात-हिरड्या स्वच्छ ठेवाव्यात आणि दात काढण्याआधी दंतवैद्याला झडपेबद्दल सांगावे.

पुढची तपासणी कधी, आणि काय विचारायचे

त्रास नसेल आणि हृदयाचे पंपिंग चांगले असेल तर माइल्ड बिघाडाला तीन ते पाच वर्षांनी, मॉडरेटला वर्ष-दोन वर्षांनी आणि सिव्हिअरला सहा महिने ते वर्षभरात इको करतात. दर तीन महिन्यांनी माइल्ड एमआरचा इको करण्यात पैसे आणि मनःशांती दोन्ही जातात. त्रास वाढला, गर्भ राहिला, किंवा नाडी अनियमित झाली, तर मात्र ठरलेल्या तारखेची वाट पाहायची नाही. शक्य असेल तर दर वेळी एकाच ठिकाणी इको करावा आणि चित्रांची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्यावा. चित्रे हाती असली की दुसरा डॉक्टर स्वतः मोजून पाहू शकतो.

भेटीला जाताना त्रास नेमक्या शब्दांत सांगा. ‘दम लागतो’ एवढ्याने भागत नाही. गेल्या वर्षी न थांबता किती मजले चढत होता, आता किती. रात्री उशी उंच करावी लागते का. पायावर सूज संध्याकाळी येते का. हे सांगा आणि मग विचारा: कोणती झडप, अरुंद की गळकी, आणि कशामुळे? हृदयाच्या आकारावर आणि फुप्फुसातल्या दाबावर परिणाम झाला आहे का? मागच्या इकोपासून काय बदलले? दुरुस्ती, फुगा किंवा झडप बदलणे, यांपैकी काही करण्याची वेळ आली आहे का? आली नसेल तर पुढचा इको कधी? या पाच उत्तरांत तुमचा पुढचा मार्ग आहे.

खर्चाच्या भीतीने शस्त्रक्रिया टाळू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडपेच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. शिधापत्रिका, ओळखपत्र आणि सगळे इको घेऊन योजनेतल्या रुग्णालयात जा आणि तिथल्या आरोग्यमित्राला भेटा.

झडपेच्या सगळ्या रिपोर्टसाठी एक वेगळी फाइल करा, त्यांवर तारखा घाला आणि सर्वांत जुना रिपोर्ट कधीही फेकू नका. आणि घरातल्या कोणाला जिना चढताना पूर्वी लागत नव्हता असा दम लागत असेल, तर त्याचा दोष वयाला देण्याआधी एक इको करून घ्या.